आपले शेअर उसने दिले, तर मताचा हक्क कोणाकडे जातो?

पिंपळपान

मोजक्या कंपन्यांचे शेअर मी बरीच वर्षं धरून आहे. विकायचा विचार नाही. वार्षिक अहवाल वाचते, ठरावांवर मत देते, पटलं नाही तर विरोधात देते.

परवा ब्रोकरच्या ॲपवर नवीन पान दिसलं. तुमचे पडून असलेले शेअर उसने द्या, त्यावर शुल्क मिळवा. खाली संमतीची चौकट. अटी उघडून वाचत गेले तेव्हा बऱ्याच खाली एक ओळ सापडली : शेअर उसने दिलेले असतील त्या काळात मतदानाचा हक्क ग्राहकाकडे राहणार नाही, आणि लाभांशाच्या जागी तेवढीच रक्कम दिली जाईल.

इथल्या जाणकारांना माझे प्रश्न असे. माझं मत जातं कुठे? उसने घेणारा बहुधा ते शॉर्ट करायलाच घेणार (आत्ता विकायचे, भाव पडल्यावर स्वस्तात घेऊन परत करायचे), म्हणजे मी ज्या कंपनीवर विश्वास ठेवलाय तिचा भाव पाडायला माझेच शेअर वापरले जातात का? आणि त्या काळात मी भागधारक असते की नसते?

उसने देण्याला माझा विरोध नाही. पण मताचा हक्क एका टिचकीत जावा आणि तेही इतक्या खालच्या ओळीत सांगून, हे मला अजिबात मान्य नाही.

गणिती

धागा चांगला काढलात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो.

समजा अ कडे १०० शेअर आहेत. अ ने ते ब ला उसने दिले. ब ने ते बाजारात क ला विकले. क ने पूर्ण पैसे मोजून, कोणत्याही अटीशिवाय विकत घेतले. क ला माहीतही नाही की हे शेअर उसने आणलेले होते, आणि माहीत असायची गरजही नाही. आता कंपनीच्या दृष्टीने भागधारक क. लाभांश क ला जाणार, सभेची नोटीस क ला, मत क चं. अ कडे उरतो तो ब वरचा हक्क : तितकेच, त्याच कंपनीचे शेअर मुदत संपल्यावर परत मिळवण्याचा. मधल्या काळात कंपनीने लाभांश दिला तर तेवढे पैसे ब ने आपल्या खिशातून अ ला द्यायचे.

म्हणजे पैशांचा हिशेब जुळतो. अ ला लाभांशाइतकी रक्कम, क ला खरा लाभांश, ब चं तेवढं नुकसान. मताचा हिशेब मात्र जुळत नाही, कारण ब ला स्वतःच्या खिशातून मत काढून देता येत नाही. तुमच्या अटींमधल्या त्या एका ओळीचं मूळ इथे आहे.

नवखा

म्हणजे अ म्हणतो माझे १००, क म्हणतो माझे १००, आणि मतपेटीत मात्र १००च! वाचतोय, पुढे लिहा.

रानवारा

याला सरळ हवेतले शेअर म्हणतात. कंपनीने काढले १००, लोक समजतात आपल्याकडे २०० आहेत. नसलेला माल बाजारात ओतला की भाव पडणारच. शॉर्ट सेलिंगवर सरसकट बंदी हवी. कंपनी उभी करायला माणसं आयुष्य घालवतात आणि कोणी तरी उसने शेअर आणून ती पाडायला बसतो.

गणिती

रानवारा, तळमळ पोचली, पण दोन वेगळ्या गोष्टी एकत्र होतायत. ब वर १०० शेअर परत द्यायचं देणं आहे. अ चे १००, क चे १००, ब चे उणे १००. बेरीज १००च. नवीन शेअर कुठेही जन्मलेला नाही, कंपनीच्या नोंदवहीत एकाही शेअरची भर पडलेली नाही.

तुम्ही म्हणता तसं खरंच हवेतलं असतं ते नेकेड शॉर्ट, म्हणजे उसने न घेता, घ्यायची सोयही न बघता विकणं. त्यावर निर्बंध आहेत. अमेरिकेत २००५ पासून रेग्युलेशन एसएचओ लागू आहे. त्यानुसार शॉर्टची ऑर्डर घेण्याआधी ब्रोकरला शेअर कुठून मिळणार याची वाजवी खातरजमा करावी लागते. आपल्याकडे बाजाराची नियामक संस्था सेबी, तिच्या चौकटीत नेकेड शॉर्टला परवानगीच नाही, सौदा पुरा करताना शेअर द्यावेच लागतात. जानेवारी २०२४ च्या परिपत्रकात सेबीने हेच पुन्हा सांगितलं : संस्थांनी ऑर्डर टाकतानाच हा शॉर्ट आहे असं जाहीर करायचं, किरकोळ गुंतवणूकदारांनी त्या दिवसाचे व्यवहार संपेपर्यंत.

स्वाती_द

मला तर हे घर भाड्याने दिल्यासारखं वाटतं. भाडेकरू राहतो, आपल्याला भाडं मिळतं, मालक आपणच. मुदत संपली की घर परत. त्यात एवढं घाबरण्यासारखं काय आहे? पडून राहिलेल्या शेअरवर चार पैसे मिळाले तर चांगलंच की.

कलम_दवात

स्वाती, ही तुलना नेमकी मोक्याच्या जागी फसते. भाडेकरू तुमचं घर विकू शकत नाही. शेअर उसने घेणारा ते विकू शकतो, किंबहुना विकायलाच घेतो. कायद्याने मालकी त्याच्याकडे जाते. तुमच्याकडे मालकी नाही, येणं उरतं. कर आकारताना आपल्याकडे हे 'हस्तांतरण' धरत नाहीत, प्राप्तिकर कायदा १९६१ च्या कलम ४७ मध्ये तशी सूट होती, त्यामुळे भांडवली नफ्याचा प्रश्न उद्भवत नाही. पण ही सवलत करापुरती. भागधारकाचे हक्क त्याने टिकत नाहीत.

पिंपळपान, तुमच्या तिसऱ्या प्रश्नाकडे येते, कारण सगळे जण मताबद्दलच बोलतायत. भागधारक असण्यात आणखी बरंच काही असतं. कंपनी कायदा २०१३ चंच बघा. सभा बोलावण्याची मागणी करायची तर मतदानाचा हक्क असलेल्या भरणा भांडवलाचा दहावा हिस्सा लागतो, कलम १००. अन्याय आणि गैरव्यवस्थापनाची तक्रार घेऊन न्यायाधिकरणाकडे जायचं तर १०० सभासद, किंवा एकूण सभासदांचा दहावा हिस्सा, किंवा दहावा हिस्सा भांडवल धारण करणारे सभासद, कलम २४४. लहान भागधारक जेव्हा सह्या गोळा करून एकत्र येतात तेव्हा प्रत्येक नाव मोजलं जातं. ज्याचे सगळे शेअर त्या वेळी उसने गेलेत त्याचं नाव त्या यादीत धरता येत नाही. सभेला हजर राहून प्रश्न विचारण्याचंही तसंच.

हे हक्क रोज लागत नाहीत. पण लागतात तेव्हा कंपनीत काही तरी बिघडलेलं असतं, आणि नेमकी तेव्हाच शेअर उसने घेणाऱ्यांची गर्दी असते, शुल्कही चढं असतं. म्हणजे हक्काची गरज सर्वांत जास्त तेव्हाच तो सोडण्याचा मोहही सर्वांत जास्त. मला काळजी वाटते ती याची.

टिटवी

कलम_दवात, शेवटचा परिच्छेद फार महत्त्वाचा. +१

जुना_भागधारक

सगळं बरोबर, पण एक व्यवहाराची गोष्ट बोलतो. पन्नास-शंभर शेअरवाल्याच्या मताने निकाल बदलत नाही. प्रवर्तकांकडे निम्म्याहून जास्त हिस्सा असेल तर ठराव मंजूर होणार हे आधीच ठरलेलं असतं. मी गेल्या कित्येक वर्षांत मत दिलेलं नाही आणि माझं काही अडलेलं नाही. शुल्क मिळत असेल तर घ्यावं.

पिंपळपान

जुना_भागधारक, आदर ठेवून असहमत. साध्या ठरावांबद्दल तुमचं म्हणणं ठीक आहे. पण विशेष ठरावाला बाजूची मतं विरोधी मतांच्या किमान तिप्पट लागतात. प्रवर्तकांकडे ५५ टक्के असले तरी ते एकट्याच्या जोरावर तो नेऊ शकतातच असं नाही. आणि नोंदणीकृत कंपनीने प्रवर्तकांच्याच दुसऱ्या कंपनीशी मोठा व्यवहार करायचा ठराव आणला, तर सेबीच्या नियमांनुसार संबंधित पक्षांना त्याच्या बाजूने मत देता येत नाही. तिथे निकाल उरलेल्यांच्या हातात असतो. त्या उरलेल्यांतले निम्मे शेअर कुठे तरी उसने गेलेले असतील, तर तो निकाल कोण लावणार?

तुम्ही मत देत नाही हा तुमचा निर्णय आहे. माझं म्हणणं एवढंच, की तो निर्णय माणसाने समजून घ्यावा. ॲपच्या चौकटीने तो त्याच्या वतीने घेऊ नये.

आडवाट

इथे एक पाऊल पुढे जाऊ. आतापर्यंत सगळे धरून चाललेत की उसने घेणारा शेअर विकतो. तो न विकता नुसता ठेवूनही देऊ शकतो, आणि मग मत त्याचं. कंपनी बुडाली काय, वाढली काय, त्याला काहीच फरक पडत नाही, कारण शेअर परत द्यायचेच आहेत. तरी मत त्याचं. हेन्री हू आणि बर्नार्ड ब्लॅक या अमेरिकन कायदा-प्राध्यापकांनी २००६ च्या सुमारास याला एम्प्टी व्होटिंग, म्हणजे पोकळ मतदान, म्हटलं, आणि तेच नाव रूढ झालं.

प्रत्यक्ष उदाहरण ब्रिटिश लँड या स्थावर मालमत्तेच्या कंपनीचं, २००२ सालचं. लॅक्सी पार्टनर्स या फंडाला कंपनीच्या व्यवस्थापनाविरुद्ध ठराव मंजूर करून घ्यायचे होते. त्यांच्याकडे स्वतःचे शेअर साधारण १ टक्का. सभेच्या आधी त्यांनी शेअर उसने घेतले आणि ९ टक्क्यांच्या वर मतं टाकली. ठराव पडले, पण गुंतवणूकदारांच्या संस्था चांगल्याच हादरल्या, कारण उसने दिलेल्या त्या शेअरमागे दीर्घकाळासाठी पैसे गुंतवणारी माणसं होती, आणि आपले शेअर कोणाच्या बाजूने मत देतायत हे त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. ब्रिटनमधल्या बाजाराच्या आचारसंहितेत आता साफ म्हटलंय की निव्वळ मत देण्यासाठी शेअर उसने घेऊ नयेत. पण आचारसंहिता म्हणजे कायदा नव्हे.

मोठ्या मुदतीसाठी उसने घ्यायचीही गरज नसते. मत कोणाचं हे एका ठरावीक तारखेला शेअर कोणाच्या खात्यात आहेत त्यावरून ठरतं. त्या एका दिवसापुरते शेअर हाती असले तरी पुरतं. त्यामुळे पिंपळपान, शेअर कोणाला उसने जातात यापेक्षा कोणत्या तारखेला जातात यावर लक्ष ठेवा.

नवखा

हे वाचून अंगावर काटा आला. कंपनीत एक पैसाही अडकलेला नसताना तिच्या भवितव्यावर मत!

मेघना

माझा अनुभव. माझं एक खातं अमेरिकन ब्रोकरकडे आहे, मार्जिनचं, म्हणजे ब्रोकरकडून उसने पैसे घेऊनही शेअर घेता येतात असं. तिथे उसने देण्याची वेगळी संमती कोणी मागतच नाही, मार्जिन खातं उघडतानाच्या कराराच्या पोटात ती असते. तुम्ही ब्रोकरचे पैसे घेतले असतील तर त्या देण्याच्या १४० टक्के किमतीपर्यंतचे तुमचे शेअर तो वापरू शकतो. शुल्क त्याचं, तुम्हाला त्यातलं काही नाही.

मला हे कसं कळलं? वर्षाअखेरीच्या करपत्रकावरून. लाभांशाच्या रकान्यात आकडा माझ्या अपेक्षेपेक्षा कमी. उरलेली रक्कम दुसऱ्याच फॉर्मवर, 'लाभांशाऐवजी दिलेली रक्कम' अशा रकान्यात. बेरीज बरोबर होती, पण करात फरक पडला. तिथे खऱ्या लाभांशावर बहुतेक वेळा सवलतीचा दर लागतो, या बदली रकमेवर साध्या उत्पन्नासारखा पूर्ण दर. म्हणजे माझे शेअर मला न विचारता उसने गेले, कमाई ब्रोकरची झाली आणि जादा कर मी भरला. मी ग्राहक सेवेला लिहिलं. उत्तर आलं, करारातल्या अमुक कलमानुसार. त्यानंतर शेअर मार्जिन खात्यातून रोख खात्यात हलवले. रोख खात्यातले पूर्ण पैसे भरलेले शेअर लेखी संमतीशिवाय वापरता येत नाहीत. ज्यांची तिकडे खाती आहेत त्यांनी आजच तपासा.

रानवारा

मेघना, हे वाचून संताप आला. आणि यालाच बाजाराची तरलता म्हणतात!

गणिती

मेघनाच्या अनुभवामागचं कारण सांगतो. अमेरिकेत बहुतेक शेअर गुंतवणूकदाराच्या नावावर नसतात. कंपनीच्या नोंदवहीत मालक म्हणून सीड अँड कंपनी असतं, ते तिथल्या डिपॉझिटरीचं, म्हणजे सगळ्यांचे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेचं, नामधारी नाव. डिपॉझिटरीकडे ब्रोकरचा एक मोठा ढिगारा, आणि त्या ढिगाऱ्यात तुमचे किती हे ब्रोकरच्या वहीत. ढिगाऱ्यातले शेअर उसने गेले की अमुक एका ग्राहकाचे गेले असं दाखवताच येत नाही. मग मतदानाच्या वेळी ग्राहकांकडून आलेली मतं हातातल्या शेअरपेक्षा जास्त भरतात आणि ब्रोकरला मागाहून जुळवाजुळव करावी लागते.

हा गोंधळ किती वाढू शकतो याचं उदाहरण म्हणजे डोल फूड. २०१३ मध्ये ती कंपनी तिच्या प्रमुखाने विकत घेतली, भागधारक कोर्टात गेले, भरपाई ठरली. भरपाईला पात्र शेअर होते साधारण ३.६८ कोटी. दावे आले ४.९२ कोटी शेअरचे, आणि वरकरणी सगळे वैध. तिथल्या डेलावेअर राज्यातल्या न्यायाधीशांनी २०१७ मध्ये कारणं नोंदवली : शेवटच्या दिवसांतले पूर्ण न झालेले सौदे, आणि शॉर्ट सेलिंग. अ आणि क दोघांच्याही स्टेटमेंटवर शेअर दिसत होते. दोघेही खोटं बोलत नव्हते.

रानवारा, माझं आधीचं म्हणणं मी मागे घेत नाही, नोंदवहीत शेअर वाढत नाहीत. पण लोकांना आपल्याकडे हक्क आहे असं वाटतं आणि तो नसतो, हे तुमचं म्हणणं खरं आहे, आणि ते गंभीर आहे.

टिटवी

थोडं अवांतर, पण रानवारांच्या बंदीच्या मागणीवरून आठवलं. ही मागणी शेअर बाजाराइतकीच जुनी आहे. डच ईस्ट इंडिया कंपनीचे शेअर ॲमस्टरडॅममध्ये खरेदी-विक्रीला आले त्यानंतर थोड्याच वर्षांत, १६०९ मध्ये, इझाक ल मेर नावाच्या व्यापाऱ्याने साथीदार जमवून त्या कंपनीचे शेअर हातात नसताना विकायला सुरुवात केली. तो स्वतः त्या कंपनीचा आधीचा मोठा भागधारक, भांडून बाहेर पडलेला. कंपनीने सरकारकडे तक्रार केली आणि १६१० मध्ये हातात नसलेले शेअर विकण्यावर बंदी आली. तरी असे सौदे पुढेही होतच राहिले.

मोहोर

बंदीबद्दल मीही लिहिते. मला शॉर्ट करणाऱ्यांचा पुळका नाही, पण वायरकार्डचं प्रकरण विसरू नका. जर्मनीतली पेमेंट कंपनी, देशाच्या मुख्य निर्देशांकात बसलेली. हिशेबात गडबड आहे असं पत्रकार आणि शॉर्ट सेलर सांगत होते. फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथल्या नियामकाने काय केलं? वायरकार्डमध्ये नवीन शॉर्ट करण्यावर दोन महिने बंदी घातली. साध्या गुंतवणूकदाराने त्यातून काय अर्थ घेतला असेल? कंपनी चांगली आहे, सरकार तिच्या पाठीशी आहे. जून २०२० मध्ये कळलं की १९० कोटी युरो मुळात अस्तित्वातच नव्हते, आणि कंपनी दिवाळखोरीत गेली. त्या बंदीच्या काळात ज्यांनी शेअर घेतले किंवा धरून ठेवले ते सगळे आपल्यासारखेच साधे भागधारक. वाईट बातमी सांगण्यात ज्याचा फायदा आहे असा कोणी तरी बाजारात असायला हवा. कंपनीचे संचालक ती सांगणार नाहीत, आणि कित्येकदा ऑडिटरही सांगत नाहीत.

रानवारा

मोहोर, मुद्दा मान्य. सरसकट बंदी म्हणालो ते मागे घेतो. पण मग अमेरिकेतल्या गेमस्टॉप कंपनीचं काय? तिथे बाजारात फिरणाऱ्या शेअरच्या १०० टक्क्यांहून जास्त शॉर्ट होते. हे शक्यच कसं आहे?

गणिती

शक्य आहे, कारण क आपले शेअर पुन्हा उसने देऊ शकतो. क कडून ड ने घेतले, फ ला विकले. आता त्याच १०० शेअरवर दोन शॉर्ट उभे आहेत. साखळी लांबत गेली की आकडा १०० च्या वर जातो. जानेवारी २०२१ मध्ये तेच झालं. मग भाव चढला, सगळ्यांना एकाच वेळी शेअर परत घ्यावेसे वाटले.

याहून विलक्षण प्रकरण फोक्सवॅगनचं. २६ ऑक्टोबर २००८ ला पोर्शेने जाहीर केलं की त्यांच्याकडे ४२.६ टक्के शेअर आणि आणखी ३१.५ टक्क्यांवर ऑप्शन (ठरल्या भावाने पुढे घेण्याच्या हक्काचे करार) आहेत. लोअर सॅक्सनी राज्याकडे २० टक्के होते. म्हणजे बाजारात जेमतेम ६ टक्के उरले आणि शॉर्ट त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त. दोनच दिवसांत भाव १००० युरोच्या वर, आणि काही काळ ती जगातली सर्वांत मोठ्या बाजारमूल्याची कंपनी झाली. लांबलचक साखळी शॉर्ट करणाऱ्याच्याही गळ्यात येते.

पिंपळपान, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाबद्दल. हो, तुमचे शेअर विक्रीच्या दबावात भर घालू शकतात. पण शॉर्ट करणाऱ्याला कधी ना कधी तितकेच शेअर विकतही घ्यावे लागतात. आणि आपल्याकडचं बहुतेक शॉर्टिंग फ्युचर्समध्ये (पुढच्या तारखेच्या सौद्यांत) किंवा दिवसाच्या आत होतं, त्यात कोणाचे शेअर उसने जात नाहीत आणि कोणाचं मतही जात नाही. भाव आणि मत हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

नवखा

मी तर फक्त इंडेक्स फंड घेतो. म्हणजे मी यातून सुटलो ना?

आडवाट

नाही हो. फंडाच्या शेअरचं मत तुमच्याकडे कधीच नव्हतं, ते फंड देतो. आणि जगातले मोठे इंडेक्स फंड शेअर उसने देणाऱ्यांत आघाडीवर आहेत. तुमच्या माहितीपत्रकात दोन गोष्टी शोधा : शुल्काचा किती वाटा फंडात येतो आणि किती व्यवस्थापक ठेवतो, आणि महत्त्वाच्या मतदानाआधी शेअर परत मागवतात का. धोका तुमच्या पैशावर असतो, त्यामुळे शुल्कही मुख्यतः तुमच्याकडेच यायला हवं.

मोठ्या मंडळींनाही हा पेच पडलाय. जपानचा सरकारी निवृत्तिवेतन निधी जीपीआयएफ, जगातल्या सर्वांत मोठ्या निधींपैकी एक. त्यांनी डिसेंबर २०१९ मध्ये परदेशी शेअर उसने देणं थांबवलं. कारण असं दिलं की शेअर उसने गेले की दीर्घकालीन मालक म्हणून कंपनीवर लक्ष ठेवण्याच्या जबाबदारीत खंड पडतो, आणि ते कोणाकडे, कशासाठी गेले हेही दिसत नाही. शुल्काचं चांगलं मोठं उत्पन्न सोडून त्यांनी हा निर्णय घेतला.

स्वाती_द

पैसे बुडण्याचा धोका किती? त्यावर कोणीच लिहिलं नाही.

मोहोर

सौदे पुरे होण्याची हमी घेणारी संस्था, म्हणजे क्लिअरिंग कॉर्पोरेशन, मधे असेल तर कमी, कारण उसने घेणाऱ्याकडून मार्जिन, म्हणजे अनामत, घेतलेलं असतं आणि ते रोज तपासलं जातं. परदेशात थेट व्यवहारात साधारणपणे शेअरच्या किमतीहून थोडं जास्त तारण घेतात. घात होतो तो बहुधा त्या तारणाच्या रोख रकमेचं पुढे काय केलं यात. एआयजी या अमेरिकन विमा कंपनीने रोखे उसने देऊन मिळालेली रोकड घरकर्जांवरच्या कागदांत गुंतवली होती, २००८ मध्ये तिला बुडवणाऱ्या कारणांपैकी ते एक मोठं कारण.

कलम_दवात

आता मूळ प्रश्नावर परत येऊ, कारण आपल्याकडे याचं अर्धं उत्तर नियमांतच आहे.

एक, आपल्याकडे डीमॅटमध्ये शेअर तुमच्या स्वतःच्या नावावर असतात, ढिगाऱ्यात नाही. मेघनाच्या बाबतीत झालं तसं न विचारता उसने देणं आपल्याकडे वैध नाही. उसने दिले की ते तुमच्या डीमॅटमधून बाहेर पडलेले तुम्हाला दिसतात.

दोन, २००८ पासून चालू असलेल्या एसएलबी, म्हणजे शेअर उसने देण्या-घेण्याच्या, यंत्रणेत व्यवहार क्लिअरिंग कॉर्पोरेशनमार्फत होतात, मुदत कमाल १२ महिने. लाभांशाची रक्कम उसने घेणाऱ्याकडून वसूल करून तुम्हाला देतात.

तीन, आणि पिंपळपान, हे तुमच्यासाठी. करार दोन प्रकारचे उपलब्ध असतात. एका प्रकारात कंपनीची वार्षिक किंवा विशेष सभा आली की करार मुदतीआधी बंद होतो आणि शेअर तुमच्याकडे परत येतात. दुसऱ्या प्रकारात सभा असली तरी करार चालूच राहतो. तुमचा ब्रोकर कोणता प्रकार देतोय ते विचारा. अटींमधली ती ओळ दुसऱ्या प्रकाराची असावी.

पिंपळपान

कलम_दवात, मनापासून आभार. आज ब्रोकरशी बोलले. फोनवरच्या मुलाला दोन प्रकार असतात हेच माहीत नव्हतं. त्याने वरिष्ठांना विचारून परत फोन केला : ॲपमधल्या संमतीत फक्त दुसरा प्रकार आहे, कारण त्याला मागणी जास्त. सभेला बंद होणारा करार हवा असेल तर प्रत्येक वेळी स्वतंत्र ऑर्डर द्यावी लागेल. ही माहिती ॲपमध्ये का नाही, याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. ते मी लेखी मागितलंय.

मी संमती दिलेली नाही.

जुना_भागधारक

दोन प्रकार असतात हे मलाही ठाऊक नव्हतं. मी मागेच ती चौकट भरून ठेवलीय. समजा एका कंपनीचं मत मला द्यायचंच आहे आणि शेअर दुसऱ्या प्रकारात गेलेत, तर?

कलम_दवात

मुदतीआधी परत मागण्याची सोय आहे, पण ती हमी नाही. तेवढ्या मुदतीसाठी दुसरा कोणी उसने द्यायला तयार असला तरच तुमचे सुटतात, आणि शुल्काचा फरक तुम्हाला सोसावा लागतो. त्यामुळे शेवटच्या दिवसावर टाकू नका. ई-मतदानासाठीची कट-ऑफ तारीख सभेच्या आधी जास्तीत जास्त सात दिवस असते आणि ती नोटिशीत छापलेली असते. त्या तारखेला शेअर तुमच्या डीमॅटमध्ये हवेत, ऑर्डर नुसती टाकलेली असून चालत नाही. नोटीस आली की त्याच दिवशी मागणी टाका. कंपनी कोणती?

जुना_भागधारक

नाव इथे लिहीत नाही. प्रवर्तकांच्या खासगी कंपनीला मोठं कर्ज द्यायचा ठराव आहे. नोटीस कालच आलीय. उद्या बाजार उघडला की मागणी टाकतो.